तुझी नदी कुठली?

मी चौतीस वर्षं शाळेत न्यूझीलंड शिकवलं आणि त्यातलं बरंचसं चुकीचं शिकवलं, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तिथं जाऊन कळलं. वाईच्या शाळेत मी भूगोलाची बाई. फळ्यावर खडूनं दोन बेटं काढायची, वरचं उत्तर, खालचं दक्षिण, मधे चिंचोळा समुद्र, आणि मुलांकडून घोकून घ्यायचं: लोकर, लोणी, मांस. राजधानी वेलिंग्टन. मूळचे रहिवासी माओरी. शोध लावला एका डच खलाशानं. पाच मार्कांचा प्रश्न, संपलं न्यूझीलंड. एकदा एक मुलगी उभी राहून म्हणाली होती, "बाई, माणसं आधीच राहत होती तर मग शोध कसला लावला?" मी तिला "आगाऊपणा पुरे" म्हणून खाली बसवलं. त्या मुलीची मी इथं जाहीर माफी मागते.

२०१८ च्या मार्चमध्ये मी निघाले. माझी लेक मुग्धा आणि जावई निखिल दोघंही आयटीत, वेलिंग्टनला खेटून असलेल्या लोअर हट नावाच्या गावात आठ वर्षं राहतायत. नात ईरा नऊ वर्षांची. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि "आई, आता काय अडकलंय तुझं तिथं?" हे मुग्धाचं पालुपद मला तोंडपाठ झालं होतं. तीन महिन्यांसाठी म्हणून गेले.

विमानप्रवासाचं रडगाणं गात नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. पण उतरल्यावर एक गंमत झाली. तिथल्या अधिकाऱ्यानं अतिशय अदबीनं विचारलं, "तुमच्या चपलाबुटांना माती आहे का?" निघायच्या आदल्या दिवशी मी शेतावर जाऊन आले होते. खोटं कशाला बोला, हो म्हटलं. तो माझे कॅनव्हासचे बूट घेऊन आत गेला आणि पाच मिनिटांनी स्वच्छ धुऊन घेऊन आला. जावयानंसुद्धा कधी माझे बूट असे हातात घेतले नव्हते! लाडूंचा डबा उघडून बघितला, मेतकुटाचा वास घेतला आणि "एन्जॉय" म्हणाला. धास्ती कशाची, तर मातीतून येणाऱ्या किड्याची आणि बियांची. हा देश कोट्यवधी वर्षं समुद्रात एकटा पडलेला. वटवाघूळ सोडलं तर जमिनीवर सस्तन प्राणी नाही. खाणारंच कुणी नाही म्हटल्यावर कित्येक पक्षी उडायचंच विसरून गेले. मग माणूस आला, त्याच्याबरोबर उंदीर, मांजर, मुंगसासारखे प्राणी आले, आणि त्या बिचाऱ्या पक्ष्यांचा फडशा पडला. तेव्हापासून दुधानं तोंड पोळल्यासारखे हे लोक ताकही फुंकून पितात.

लोअर हट

हट नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. दोन्हीकडे डोंगर, मधे सपाटी, एका टोकाला समुद्र. मला पहिल्या दिवशी वाटलं, अगं बाई, हे तर आपल्यासारखंच! फक्त वारा नको तितका. साडी नेसून बसस्टॉपपर्यंत गेले तर पदर माझ्या पुढे दहा पावलं. दुसऱ्या दिवसापासून मुग्धाची पँट आणि वरून स्वेटर. वाईत कुणी बघितलं असतं तर बाईंचं वाया जाणं महिनाभर पुरलं असतं.

घरं सगळी लाकडी. मी म्हटलं, श्रीमंत देश आणि लाकडाची खोपटी? त्याचं उत्तर आठवड्याभरात मिळालं. दुपारी चहा गाळत होते, कपबशा वाजायला लागल्या. ईरा क्षणात टेबलाखाली गेली, टेबलाचा पाय घट्ट धरला आणि ओरडली, "आजी! ड्रॉप!" मी कुठली ड्रॉप होतेय? मी गाळणं हातात घेऊन थेट अंगणात. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. जमीन हलली की बाहेर पळायचं हे आमच्या हाडात बसलेलं. थांबल्यावर ईरानं मला अंगणात येऊन समजावलं की इथं बाहेर पळायचं नसतं, लाकडाचं घर हलतं पण पडत नाही. हट खोऱ्याच्या कडेनंच जमिनीतली मोठी भेग जाते. हे मी पूर्वी शाळेत दोन ओळींत शिकवलं होतं, गाळण्यासकट पहिल्यांदाच कळलं.

ईरा मराठी सगळं समजते. बोलते इंग्रजी. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि दोघींना त्यात काही विचित्र वाटायचं नाही. एकदा म्हणाली, "आजी, लेट्स गो टू द डेअरी." मला वाटलं दूधडेअरी, गायीम्हशी बघायला मिळतील, म्हणून दुधाला बरणीसुद्धा घेतली. कसलं काय! डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. आत गुजराती भाई. माझ्या हातातली बरणी बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बहेन, कौनसा गाँव?" वाई म्हटल्यावर म्हणाले, पाचगणीला जाताना लागतं ते. बारा हजार किलोमीटरवर कुणी तरी वाई ओळखतंय म्हटल्यावर मी तिथून गरज नसताना दोन पावाचे पुडे घेतले.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलची सुट्टी लागायच्या आधी ईरा शाळेतून एक कार्ड घेऊन आली. सुट्टीनंतर शाळेच्या सभागृहात, आईवडिलांसमोर, प्रत्येक मुलानं आपली 'पेपेहा' म्हणायची होती. पेपेहा म्हणजे माओरी रीतीनं स्वतःची ओळख. त्यात नाव आधी सांगत नाहीत. आधी आपला डोंगर, मग आपली नदी, मग पूर्वज ज्या होडीतून या बेटावर आले ती होडी, मग घराणं, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, स्वतःचं नाव. मला हे इतकं आवडलं म्हणून सांगू! आपल्याकडे तरी दुसरं काय असतं? "तू कुणाची गं? कुठल्या आळीतली? म्हणजे अमक्यांची कोण?" नाव कोण विचारतंय?

ईराच्या बाईंनी सांगितलं होतं की जे माओरी नाहीत त्यांनी इथला डोंगर आपला पूर्वज म्हणून सांगू नये, पण जे खरं आहे ते सांगावं, घरी विचारावं. घरी म्हणजे मी! चष्मा लावला, पेन घेतलं आणि माझ्या वळणदार अक्षरात कार्डावर लिहून टाकलं: डोंगर पांडवगड, नदी कृष्णा.

ईरानं वाचलं. म्हणाली, "बट आजी, इट्स नॉट माय रिव्हर. आय हॅवन्ट ईव्हन टच्ड इट."

"अगं, दोन वर्षांपूर्वी आली होतीस तेव्हा घाटावर नेलं होतं की तुला!"

"यू सेड डोन्ट गो निअर द वॉटर. यू सेड इट्स डर्टी."

म्हटलं होतं मी. "शी! हात नको लावूस, घाण आहे," अगदी याच शब्दांत. पण मी ते कानाआड केलं. ईराचं म्हणणं सरळ होतं: ती दर उन्हाळ्यात पोहायचे कपडे घालून, तिच्या भाषेत टॉग्ज घालून, हट नदीत डुंबते, तर तिची नदी हट. न शिवलेल्या नदीला आपली म्हणणं म्हणजे लाय. खोटं.

मला काय हवं होतं ते इथं सरळ लिहिते, आडपडदा कशाला? मला हवं होतं की माझ्या मागं या पोरीच्या तोंडात वाईचं काही तरी राहावं. घर मी गेल्यावर विकलं जाणार, हे मला कळतं. भाषा तर अशी अर्धी. निदान नदीचं नाव. तेवढ्यासाठी मी हटून बसले. मग मी माझ्या जुन्या वळणावर गेले. सकाळ-संध्याकाळ पोरीला उभी करून घोकायला लावलं. ती हात पाठीमागे बांधून, छताकडे बघत, पोपटासारखी म्हणायची.

मुग्धा वैतागली. "आई, ही काय रामरक्षा आहे का? तिला जे वाटतं ते म्हणू दे ना."

"तुला काय कळतंय? आठ वर्षांत तू तरी तिला नदीबद्दल एक शब्द सांगितलास?"

लागलं तिला. मलाही नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा नाही.

व्हांगानुईच्या वाटेवर

सुट्टीत मुग्धानं चार दिवस काढले. निखिलला कामावरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघीच निघालो, लेक गाडी चालवतेय, नात मागे, मी पुढे सीटबेल्टात जखडलेली. मुग्धाच्या हापिसात हिने नावाची माओरी मैत्रीण आहे. तिचे वडील व्हांगानुई गावात, नदीच्या काठी राहतात. पेपेहाचं आमच्या घरातलं महाभारत ऐकून हिनेनं सांगितलं होतं, "आईंना नदीचं एवढं आहे ना, मग माझ्या बाबांकडे घेऊन जा."

डाव्या हाताला समुद्र, त्यात कापिती बेट, उजवीकडे हिरवीगार कुरणं. मी मेंढ्या शोधत होते. अहो, चौतीस वर्षांची लोकर! मेंढ्या होत्या, पण गायी त्याहून जास्त. मुग्धानं सांगितलं की लोकरीला भाव राहिला नाही तशी शेतकऱ्यांनी मेंढ्या विकून गायी घेतल्या. दुधाची पावडर करून जहाजांनी चीनला आणि कुठं कुठं जाते. वेलिंग्टनच्या बंदरात मी पाइनच्या ओंडक्यांचे डोंगर रचलेले बघितले होते, तेही जातात. बाकी द्राक्षाची वाइन, किवी फळं, आणि डोंगर बघायला येणारे पर्यटक. थोडक्यात काय, माणसं कमी, जमीन भरपूर, आणि गिऱ्हाईक समुद्रापलीकडे. एका ओढ्यापाशी चहाला थांबलो. काठावर पाटी: इथं पोहू नका. मला आश्चर्य वाटलं, पोस्टरवर तर हा देश धुऊन वाळत घातलेला दिसतो! मुग्धा म्हणाली, गायी वाढल्या तसं शेतातलं सगळं ओढ्यानद्यांत उतरायला लागलं, त्यावरून इथं निवडणुकीत भांडणं होतात. ऐकून मला, खरं सांगते, जरा बरं वाटलं. माणसाचा स्वभाव बघा.

वाटेत आणखी एक गोष्ट चालली होती, जी मी कुणाला सांगितली नाही. रस्त्यावरच्या पाट्या. वाईकनाए. वाईकावा. वाईतारेरे. दर दहा मिनिटांनी आमचं गाव! नकाशात तर वाईकातो, वाईरारापा, वाईतांगी. मनातल्या मनात मी मोजत होते आणि ऊर भरून येत होता. लेकीला सांगितलं असतं तर हसली असती, म्हणून तोंड मिटून ठेवलं.

व्हांगानुईला दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरच्या मनोऱ्यावर चढलो. हवा स्वच्छ होती. एका बाजूला दूर रुआपेहूचा बर्फाचा माथा आणि बरोबर उलट्या बाजूला, समुद्राकडे, तारानाकी, एकटाच, सुबक, पानात वाढलेल्या भाताच्या मुदीसारखा. ईरानं शाळेत ऐकलेली गोष्ट सांगितली. तारानाकी पूर्वी मधल्या डोंगरांत राहायचा. तिथल्या एका सुंदर टेकडीवरून त्याचं दुसऱ्या डोंगराशी भांडण झालं, हा हरला आणि रागारागानं समुद्राकडे निघून गेला. जाताना त्याच्या पायानं जमीन चिरत गेली, त्या चरात पाणी भरलं, ती ही व्हांगानुई नदी. मी म्हटलं, म्हणजे यांच्याकडेही बाईवरून भांडणं डोंगरांपर्यंत पोचलेली आहेत.

दुपारी हिनेच्या वडिलांकडे जेवायला गेलो. ईरा त्यांना लगेच 'कोरो' म्हणायला लागली, कोरो म्हणजे आजोबा, म्हणून मीही कोरोच लिहिते. ऐंशीच्या घरातले, अंगानं दांडगे, पायात रबरी चपला, ज्यांना तिथं जॅन्डल्स म्हणतात. दारातच म्हणाले, "किआ ओरा." मी नमस्काराला हात जोडले, ते नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावायला वाकले, आणि आमचे चष्मे खणकन आपटले. माझा खाली पडला. हसून हसून पुरेवाट झाली. परकेपणा तिथंच संपला.

त्यांच्या घरात मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि त्याचं कारण फार साधं आहे. मी पर्स जेवणाच्या टेबलावर ठेवली, ती त्यांनी हळूच उचलून खुर्चीवर ठेवली. अन्नाच्या जागी असलं काही ठेवायचं नाही. टेबलावर बूड टेकायचं नाही. ताटं पुसायची फडकी अंगावरच्या कपड्यांत धुवायची नाहीत. कुणाच्या डोक्याला उगाच हात लावायचा नाही. अहो, हे तर आमच्या सासूबाईंचं सोवळं! जेवायला त्यांच्यासाठी डुकराच्या हाडांचा रस्सा होता, पण मी खात नाही हे हिनेनं कळवलं होतं. माझ्यासाठी उकडलेली रताळी, बटाटे, पाण्यात वाढणारी एक पालेभाजी आणि आपल्या जाड पुरीसारखा तळलेला पाव. रताळ्याला ते कुमरा म्हणतात. त्यांच्या पूर्वजांनी, सातएकशे वर्षांपूर्वी, महासागर ओलांडून होड्यांतून येताना ही रताळी बरोबर आणली. थंडीत ती जगवायला किती खटपट करावी लागली ते कोरोंनी सांगितलं. त्या दिवशी माझी चतुर्थी होती, म्हणून भाजी आणि पाव बाजूला ठेवून मी रताळी-बटाटेच खाल्ले. माओरी माणसाच्या घरी इतका बिनचूक उपास घडेल असं स्वप्नात वाटलं नव्हतं.

जेवण झाल्यावर आम्ही अंगणात बसलो. समोर नदी, रुंद, संथ, मातकट. कोरोंनी ईराकडे वळून माओरीत विचारलं, "को वाय कोए?"

ईरा लाजली, बोटं मोडत बसली. आता, मास्तरणीसमोर प्रश्न विचारला जावा आणि मुलानं गप्प बसावं, हे मला आयुष्यात सहन झालेलं नाही. त्यातून मला त्या प्रश्नात एकच शब्द ऐकू आला. हिनेनं सांगितलं असणार! मी पुढे सरसावून म्हटलं, "येस, येस! वाई! आम्ही वाईचे!" आणि सुटलेच. सह्याद्री, महाबळेश्वरचा उगम, कृष्णा, काठावरचे सात घाट, ढोल्या गणपती, नदीला आम्ही कृष्णाबाई म्हणतो, दरवर्षी घाटाघाटावर तिचा उत्सव होतो, तिला पालखीत बसवतात, साडी नेसवतात, बायका ओटी भरतात, गावजेवण होतं. मुग्धा मला कोपरानं ढोसत होती, ईरा तोंडावर हात ठेवून हसत होती, पण बाईंची गाडी थांबते कशाला!

कोरोंनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश इंग्रजीत, जे मी मराठीत देते, म्हणाले, "मी विचारलं, तू कोण? 'वाय' म्हणजे 'कोण'. आणि 'वाय' म्हणजे पाणीही."

घ्या! म्हणजे रस्त्यावरच्या त्या सगळ्या पाट्या पाण्याच्या होत्या, आणि मी तू कोण या प्रश्नाला 'हो' असं उत्तर दिलं होतं. कानापर्यंत लाल झाले. कोरो मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरोबरच सांगितलंत. विचारलं कोण, आणि तुम्ही नदी सांगितली."

मग ते त्यांच्या नदीविषयी बोलले. १८४० साली माओरी प्रमुखांनी इंग्रजांच्या राणीशी करार केला. करार दोन भाषांत. इंग्रजीत लिहिलं होतं की सार्वभौम सत्ता राणीला दिली, माओरीत लिहिलं होतं की नुसता कारभार दिला. बहुतेकांनी सह्या केल्या त्या माओरी कागदावर, आणि राज्य चाललं इंग्रजी कागदावर. जमिनी गेल्या, नदीवरचा हक्क गेला. आमचं साताऱ्याचं राज्यही त्याच दशकात इंग्रजांनी एका कलमावर बोट ठेवून खालसा केलं, तेही मी त्यांना सांगितलं. ते नुसते "हं" म्हणाले. ओळखीचंच दुखणं होतं. त्यांच्या लोकांनी नदीसाठी शंभराहून जास्त वर्षं अर्ज केले, कोर्टात गेले. आणि आदल्याच वर्षी संसदेनं कायदा केला की ही नदी, डोंगरापासून समुद्रापर्यंत, कायद्यापुढे एक व्यक्ती आहे. तिच्या वतीनं बोलायला दोन माणसं नेमली. कोरो म्हणाले, "ती आधीपासून होतीच. त्यांना कळायला वेळ लागला." वरच्या अंगाला तिचं पाणी अजूनही विजेसाठी वळवतात, ती अजून धड बरी नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडेही गावाच्या वर धोमचं धरण आहे.

मग त्यांनी मला विचारलं, एखाद्याच्या आईची चौकशी करावी तसं, "आणि तुमची कशी आहे?"

मी म्हटलं, "बरी आहे."

ईरानं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. चौतीस वर्षं मी कॉपी करणाऱ्या मुलांकडे तसं बघत आले आहे.

मग मला राहवेना. मी सांगितलं. बरी नाही ती. उन्हाळ्यात जलपर्णी इतकी माजते की पाणी दिसत नाही. गटारं सुटलेली. काठावर निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या, त्यातल्या काही मीच पुलावरून टाकलेल्या, हात जोडून. लहानपणी मी त्या पाण्यात पोहायला शिकले, भोपळा बांधून. शेवटची कधी उतरले ते आठवत नाही, मुग्धा झाल्यावर तर नक्कीच नाही. पालखी निघते, आरती होते, ओटीचा खण तिच्या अंगावर आणि गावाची घाणही तिच्याच अंगावर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ते हेच. बोलता बोलता मला परक्या अंगणात रडू आलं. मुग्धानं पाठीवरून हात फिरवला.

कोरो उठले, ईराचा हात धरून काठाशी गेले, वाकून पाण्याला हात लावला आणि ओला हात कपाळाला नेला. ईरानंही तसंच केलं. मला बोलावलं. मी "साडी भिजेल" म्हटलं आणि बसून राहिले. अंगावर मुग्धाची पँट होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

परतीच्या वाटेवर मी पर्समधून ते कार्ड काढलं, माझं वळणदार अक्षर आडवी रेघ मारून खोडलं आणि मागे ईराच्या हातात दिलं. "तुला जे खरं वाटेल ते लिही," म्हटलं. सोपं नव्हतं ते. लेव्हिन गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, आणि मुग्धानं शहाण्या मुलीसारखं रेडिओ लावला.

शाळेत

मेच्या पहिल्या आठवड्यात सभागृह भरलं. सगळे पायातलं काढून आत. मुलं एकेक करून पुढे येत होती. कुणाचा डोंगर सामोआत, कुणाची नदी स्कॉटलंडात. एका मुलानं होडीच्या जागी विमान कंपनीचं नाव घेतलं, सगळे हसले. बेटावर प्रत्येक जण कधी ना कधी बाहेरून आलेला, एवढाच काय तो होडीचा आणि विमानाचा फरक, हे मला तिथं मांडी घालून बसल्यावर नीट उमगलं. मनाची मी तयारी केली होती. हट नदी म्हणेल. म्हणू दे. टाळ्या वाजवायच्या, चेहरा सरळ ठेवायचा.

ईरा आली. माओरीत सुरुवात केली, मला नावं तेवढी कळली, पांडवगड ऐकू आला. मग थांबली आणि पुढचं इंग्रजीत म्हणाली. घोकलेलं नव्हतं, अडखळत होती.

"मी हट नदीत पोहते. माझ्या आजीची नदी कृष्णा. ती आजारी आहे. आजी पुढच्या महिन्यात घरी जाणार आहे, तिला बरं करायला. ती बरी झाली की मी जाऊन तिच्यात पोहणार. मग ती माझी पण."

मग नाव सांगितलं, "ईरा," आणि जाऊन बसली.

टाळ्या झाल्या. तिच्या बाई मागे वळून मला शोधायला लागल्या, ईरानं बोट दाखवलं, आणि सगळं सभागृह माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवायला लागलं. मी कधी म्हटलं होतं बरं करायला जाते म्हणून? एका शब्दानं नाही! मला आनंद झाला होता, आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. मुग्धा कानात पुटपुटली, "आई, मेलीस." मी म्हटलं, "गप गं."

जूनच्या सुरुवातीला मी वाईला परतले. तिसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या पायऱ्या उतरून गेले, चपला काढल्या, पदर खोचला आणि पाण्यात पाय घातले. पाणी कोमट होतं आणि घाण होतं. वर पुलावरून एक बाई ओरडल्या, "अहो बाई, उतरू नका, घाण आहे!" मी म्हटलं, "माहितीय." आणि हाताला येईल ती जलपर्णी ओढायला लागले.

आज सहा महिने झाले. दर शनिवारी जाते. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी येतात, कधी चार येतात, कधी मी एकटीच असते. लोक हसतात, सत्तरी यायच्या आधीच म्हातारीला लागलं म्हणतात. पाणी अजून पोहण्यासारखं झालेलं नाही आणि माझ्या हयातीत होईल की नाही, कुणी सांगावं. पण भरल्या सभेत माझ्या नावानं शब्द दिला गेलाय, आणि माझी नात खोटं बोलत नाही.